चार आणे हिश्श्याचं वर्ष

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला या मार्गशीर्षात वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि इकडे २०२५ सालही सरत आलं. या वर्षात माझ्या घरात, नोकरीत, मैत्रीत जे काही बदललं ते एका कागदापासून सुरू झालं. आमच्या जमिनीचा सातबारा. त्यावर वारस म्हणून माझंही नाव लागावं, एवढंच मी म्हटलं होतं. पुढे काय काय झालं ते मांडून ठेवते आहे, कारण लग्न होऊन शहरात आलेल्या बहुतेक जणींपुढे हा प्रसंग आज ना उद्या येतो. आणि तो नेमका दुःखाच्या दिवसांत येतो, विचार करायला उसंत नसते तेव्हा.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. जमीन तीन हेक्टर, म्हणजे साडेसात एकराच्या आसपास. नदीकडच्या काळ्या रानात ऊस, वरच्या रानात उडीद, तूर आणि रब्बीला ज्वारी. दादा शाळा सुटल्यापासून शेतीतच आहे. धाकटा चाकणला कंपनीत. मी मधली, भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर ओसरीवर भावकी बसली होती. नाना, म्हणजे माझे चुलते, दादाला म्हणाले, "वारसाचं लगोलग करून घे. अन् पोरीचं हक्कसोड आत्ताच उरकून टाक, ती पुन्हा कवा यायची." नानांच्या मनात वाईट काही नव्हतं. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. बहिणीनं जमिनीतला हक्क सोडल्याची सही द्यायची, ही त्यांच्या लेखी रीतच होती. जमीन भावांची, आणि बहिणीला माहेरची साडी, दिवाळी, बाळंतपण. मी म्हटलं, "नाना, मी सही देणार नाही. माझं नाव लागू द्या." कुणी काहीच बोललं नाही. दादा उठला आणि गोठ्याकडे निघून गेला.

गावात बोललं गेलं की हे नवऱ्यानं शिकवलंय. नवऱ्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे तुझ्या माहेरचं आहे, तू ठरवशील ते, मी मध्ये पडणार नाही. वर्षभर तो खरोखर मध्ये पडला नाही आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. माझं कारण साधं होतं. बारावीपर्यंत मी त्या रानात राबले आहे. सुट्टीत आईच्या शेजारची पात धरून खुरपलंय, रात्रीची लाइट आली की आप्पांबरोबर उसाला पाणी द्यायला गेले आहे. लग्न झालं म्हणून ते रान माझं कोणीच नाही, हे मला पटेना. आणि दादाशी भांडावं असं मुळीच वाटत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, पण ऐकणाऱ्यांना त्यातली पहिलीच ऐकू यायची.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, पण तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता. २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभरातल्या सगळ्याच मुलींना मिळाला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. आमच्या घरात आई, दोघे भाऊ आणि मी. हिशेब केला की चौघांना सारखाच हिस्सा येतो. गावच्या बोलीत चार-चार आणे. माझ्या वाट्याला ७५ आर, म्हणजे पाऊण हेक्टर.

जानेवारीत अर्ज केला. ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा. तलाठ्यांना सरकार आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतं, गाव अजून तलाठीच म्हणतं. त्यांनी विचारलं, "वारस कोण कोण?" दादानं आईचं, स्वतःचं आणि धाकट्याचं नाव सांगितलं आणि थांबला. तलाठ्यांनी पेन उचललं, "मुली?" दादा खाली बघत राहिला. मी बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "हाय की. एक लेक हाय. लिवा तिचं." त्या घरात चाळीसएक वर्षं नांदलेल्या माझ्या आईला मी चारचौघांत थोरल्या मुलाच्या समोर असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

अर्ज मात्र अडकला. मृत्यू दाखल्यावर आप्पांच्या नावापुढे 'राव' होतं, सातबाऱ्यावर नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, पुन्हा जोडा, पुन्हा वाट बघा. एप्रिलमध्ये सरकारनं मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली. गावात सगळ्यांसमोर नोंदींचं चावडी वाचन झालं आणि आमचंही काम पुढे सरकलं. फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, धरला गेला, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत मला झोप लागत नव्हती. कुणी हरकत घेतली नाही. दादानंही नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

जुने कागद काढताना एक गोष्ट हाती लागली, ती सांगायलाच हवी. आजोबा गेल्यावरचा १९८७ चा फेरफार. जाड रेघांचं पान, निळी शाई, आणि मजकुरात एक ओळ: बहिणींनी आपला हक्क स्वखुशीने सोडला आहे. खाली दोन अंगठे. एक थोरल्या आत्याचा, ती आता नाही. दुसरा धाकट्या आत्याचा. अंगठा जोरात दाबल्यामुळे शाई फुटून 'नि. अं.', म्हणजे निशाणी अंगठा, या अक्षरांवर पसरलेली. धाकटी आत्या करमाळा तालुक्यात दिली आहे. मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "मला साडी नेसवली, वटी भरली, अन् मग म्हणले इथं अंगठा दे. कशाचा हाय ते कुणी सांगितलं न्हाई आन मी बी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर माहेर तुटलं असतं ना बाय." स्वखुशीने. आप्पांनी आत्यांना कधी काही कमी केलं नाही, दिवाळीला दोघींच्या घरी फराळाचे डबे स्वतः घेऊन जायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण अंगठा घेताना काय लिहिलंय ते वाचून दाखवायला हवं होतं. ते आप्पांनी केलं नाही. त्यांच्यावरचं प्रेम तसूभरही कमी न होता मी हे लिहिते आहे.

मे महिन्यात डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपये भरून काढला आणि गावी नेला. आईला वाचता येत नाही. तिनं माझं बोट धरून कागदावर ठेवायला लावलं, "ह्येच का माझं?" मी म्हटलं, हेच. मग दादाचं दाखव, धाकट्याचं दाखव, तुझं दाखव. चारही नावांवरून तिनं स्वतःचं बोट फिरवलं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद गेला आणि पिशवी कपाटात. पुढे शेतकरी ओळखपत्राची नोंदणी करताना केंद्रातल्या मुलानं जमीन कुणाच्या नावावर आहे असं विचारलं, तर आईनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. इतकी वर्षं तिची ओळख 'अमक्याची बायको'च होती.

या सगळ्याचा नोकरीवर परिणाम झालाच. फेब्रुवारी-मार्च आमच्याकडे कुणी रजेचं नाव काढत नाही. मी काढलं. रजा मिळाली, पण रात्री उशिरापर्यंत बसून काम भरून द्यावं लागलं. एप्रिलमध्ये पगारवाढीची बोलणी होतात. बारा वर्षांत मी त्यात कधी तोंड उघडलं नव्हतं, जे देतील ते घ्यायचं. या वेळी मालकांपुढे बसले आणि काय काम करते ते एकेक करून सांगितलं: जीएसटीची विवरणपत्रं, ऑडिट, बँकेची कामं, दोन नव्या मुलांना शिकवणं. आणि आकडा सांगितला. आवाज थरथरत होता, पण मी आकडा कमी केला नाही. मागितला तेवढा नाही मिळाला, पण त्याच्या जवळपास मिळाला. ओसरीवर नानांना जे म्हणू शकले त्यापुढे हे सोपं होतं, हे मला मालकांच्या केबिनमधून बाहेर पडताना कळलं. आपला वाटा मागताना समोरच्याचा अपमान करावा लागत नाही, आणि स्वतःला लहानही करून घ्यावं लागत नाही. हे मला चाळिशीत उमगलं, याचं वाईट वाटत नाही. आईला साठीनंतर उमगलं.

मैत्रीचं मात्र अवघड गेलं. ऑफिसात माझी एक जवळची मैत्रीण आहे, आम्ही रोज एकत्र डबा खातो. जानेवारीत तिला सगळं सांगितलं तर ती एकदम तुटक झाली. "तुला काय कमी आहे? भावाच्या तोंडचं का काढतेस?" हे तिच्याकडून यावं याचं मला फार लागलं. आम्ही डबा एकत्र खायचो, पण बोलणं भाजीच्या पलीकडे जाईना. असे काही महिने गेले. जुलैत एका संध्याकाळी बसस्टॉपवर तिनंच विषय काढला. तिनं वडिलांच्या तेराव्यालाच सही केली होती. नंतर तिचे मिस्टर आजारी पडले, पैशांची गरज लागली, तेव्हा भावांनी फोन उचलणं बंद केलं. "तू नाही म्हणालीस तेव्हा मला तुझा राग नाही आला," ती म्हणाली, "माझाच आला." तिचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, ते आता सहजासहजी मागे घेता येत नाही हे आम्ही वकिलांना विचारून खात्री करून घेतलं. तो दरवाजा बंद आहे. पण दिवाळीच्या सुमारास त्यांनी चिखलीला फ्लॅट घेतला तेव्हा तो तिच्या नावावर झाला. महिलेच्या नावानं घर घेतलं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती माहिती तिनं स्वतः शोधून घरी मांडली. आमची मैत्री आता पूर्वीपेक्षा खरी आहे. पूर्वी आम्ही एकमेकींना बरं वाटेल तेवढंच बोलायचो.

आता दादा. मेनंतर त्याचा फोन बंदच झाला. आईशी बोलताना मागे त्याचा आवाज यायचा, पण फोन त्याच्याकडे जायचा नाही. राखी ९ ऑगस्टला होती, शनिवार. मी पोस्टानं पाठवली. वहिनीनं हळूच सांगितलं की त्यानं ती बांधली, पण फोटो काढू दिला नाही.

सप्टेंबरच्या २२ तारखेला जीएसटीचे नवे दर लागू झाले. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. आमच्याकडे त्या दिवशी टॅलीत दर बदलणं, जुन्या ऑर्डरींची बिलं, गिऱ्हाइकांचे फोन, नुसता गोंधळ. त्याच दिवसांत मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पाऊस कोसळत होता आणि सीनेला कधी नव्हे एवढं पाणी आलं. दुपारी वहिनीचा फोन आला, पाणी उसात शिरलंय, मोटारी गेल्या, आम्ही जनावरं वर आणलीत. मग फोन लागेचना. ती रात्र आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगी, टीव्हीसमोर बसून काढली. धाकटा मोटारसायकलवर निघाला आणि रस्ते बंद म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरला.

पाणी ओसरल्यावर मी गेले. नदीकडच्या रानात माती उरलीच नव्हती. वरचा काळा थर गेलेला, खाली मुरूम आणि गोटे उघडे पडलेले, आणि मधूनच आडवा झालेला, गाळानं माखलेला ऊस. विहिरीच्या कठड्यापर्यंत गाळ. बांध कुठला आणि शेजाऱ्याचं रान कुठलं, सांगता येत नव्हतं. दादा त्या मुरमात उभा होता. मी जवळ गेले तर तो रडायला लागला. आप्पा गेले तेव्हाही तो रडला नव्हता.

दोन दिवस आम्ही घरातला गाळ उपसला. संध्याकाळी चहा घेताना तो आपणहून म्हणाला, "मला वाटलं, तू तुझा हिस्सा इकणार. नायतर दाजी इकायला लावतील. मधी कुणी परका येऊन बसला तर मी काय करायचं?" वर्षभर त्याच्या मनात हे होतं! मी त्याला विचारलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तू नाव लाव म्हणलीस, पुढचं काय म्हणलीच न्हाईस." त्याचं खरं होतं. मला नाव हवं होतं, आणि त्याला त्या नावाचं पुढे काय होणार ते हवं होतं. मी बार्शीच्या वकिलांकडून समजून घेतलेलं त्याला सांगितलं: वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसानं हिस्सा विकायचा ठरवला तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा असतो, आणि शेतजमिनीलाही ते लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलंय. त्यानं ते दोनदा सांगायला लावलं. मग वहिनीला बोलावून तिसऱ्यांदा.

ऑक्टोबरमध्ये नुकसानीचं पॅकेज जाहीर झालं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं. आमचे चौघांचे पंचनामे आमच्याच नावांनी झाले. गावातल्या ज्या घरांच्या उताऱ्यावर अजून मयत माणसाचंच नाव होतं ती घरं पुन्हा वारस नोंदीच्या रांगेत उभी राहिली. नाना त्यांतलेच, त्यांच्या वाट्याच्या जमिनीवर अजून त्यांच्या गेलेल्या थोरल्या मुलाचंही नाव आहे. त्यांनी मला फोन केला, "तुझी ती कागदं कशी केलीस, जरा सांग." मी बसून सगळी यादी लिहून पाठवली.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, सगळे गावी जमलो आणि जे तेराव्याला व्हायला हवं होतं ते बोलणं तेव्हा झालं. माझा आणि आईचा हिस्सा दादाच कसणार. पहिली दोन-तीन वर्षं रान सुधारेपर्यंत मी काही घेणार नाही, उलट माझ्या खात्यात येईल ती मदत माती भरायला जाईल. त्यानंतर खर्च वजा जाता माझ्या हिश्श्याचं उत्पन्न माझं. धाकट्याला मोशीत घर घ्यायचंय, त्याला वेगळं व्हायचंय. त्यावर बरीच तणातणी झाली, दादाला ते अजूनही रुचलेलं नाही. पण सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करता येतं आणि वाटणीपत्राची नोंदणी फीही सरकारनं मे महिन्यात माफ केलीय, तेव्हा ते आताच कागदावर होऊ दे, असं आईनं सांगितलं. तिच्या शब्दाला आता घरात वजन आहे. मोजणीची फी भरली आहे. हद्दीच्या खुणा वाहून गेल्यामुळे मोजणीला आम्ही चौघंही समोर असणार आहोत.

एक काम माझ्या मनात राहिलंय. वहिनी लग्न होऊन आली त्याला वीस वर्षं झाली. आईनं जे केलं तेच ती करते: पहाटे धारा, दिवसभर रान, पुरात जनावरं तिनंच बाहेर काढली. तिचं नाव कुठेच नाही. पतीनं स्वतःहून अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. १९९२ पासून त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. वर्षश्राद्धाला आले तेव्हा दादाजवळ विषय काढला. तो म्हणाला, "तिला काय करायचंय नाव?" वहिनी भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले. आई म्हणाली, "मला काय करायचं होतं?" दादानं अजून हो म्हटलेलं नाही. जानेवारीत मोजणीला जाईन तेव्हा अर्ज भरूनच नेणार आहे, फक्त त्याची सही तेवढी बाकी असेल. आणि सही करण्याआधी मी तो त्याला आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.